बेळगावहून मोठ्या शहरात जाऊन चांगले डिमसम कसे खावेत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात चायनीज खाणे आता नवे राहिलेले नाही. दिवेलागणीला गोबी मंचुरियन आणि शेजवान राइसची गाडी लागत नाही असा मोठा चौक विरळाच, आणि अलीकडे तिच्या शेजारी मोमोची गाडीही स्थिरावली आहे. डिमसम, म्हणजे चहाबरोबर खायचे छोटे चिनी पदार्थ, हे मात्र या दोहोंहून वेगळे प्रकरण आहे, आणि ते चांगल्या प्रतीचे हवे असतील तर बेंगळुरू, मुंबई किंवा कोलकाता यांपैकी एखादे शहर गाठावे लागते. कामासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी, व्हिसासाठी किंवा दवाखान्यासाठी आपल्याकडील माणूस या शहरांत जातोच. अशा फेरीतील एक दुपार राखून ठेवायची असेल, तर ती वाया जाऊ नये यासाठी कोणती तयारी करावी, हे येथे क्रमाने सांगितले आहे. माझे मुख्य म्हणणे आरंभीच मांडतो: डिमसमच्या बाबतीत हॉटेलच्या नावापेक्षा वेळ अधिक महत्त्वाची असते. स्वयंपाकघर भरात असताना, वाफ चढलेली असताना, टोपली उतरल्यापासून दोन-तीन मिनिटांत पदार्थ ताटात आला, तर मध्यम दर्जाची जागाही समाधान देते. तोच पदार्थ थंडावल्यावर खाल्ला, तर नामांकित हॉटेलातले पैसेही फुकट जातात.

आधी काय मागायचे आहे ते ठरवा

डिमसम ही दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांताची आणि हाँगकाँगची, म्हणजे कँटोनीज लोकांची, चहाबरोबर लहान लहान पदार्थ खाण्याची परंपरा आहे. तेथील चहागृहांत सकाळपासून दुपारपर्यंत कुटुंबे आणि मित्रमंडळी एका टेबलाभोवती बसतात, चहाच्या किटल्या रिकाम्या होत राहतात आणि बांबूच्या झाकणदार टोपल्यांतून तीन-चार नगांचे पदार्थ एकामागून एक येत राहतात. यांतील काही पदार्थ वाफवलेले, काही तळलेले, तर काही भट्टीत भाजलेले असतात. हे रात्रीचे जेवण नव्हे, हे लक्षात ठेवले की पुढचा निम्मा गोंधळ टळतो.

मेनूकार्डावर पन्नास नावे असली तरी चार पदार्थांना या परंपरेत मानाचे स्थान आहे. पहिला हार गाऊ, म्हणजे अर्धपारदर्शक पातळ आवरणातली कोळंबी. दुसरा सिउ माय, ज्याचे तोंड वर उघडे असते आणि ज्यात मुळात डुकराचे मांस व कोळंबी असते; भारतात तो बहुधा कोंबडीचा मिळतो. तिसरा चार सिउ बाओ, म्हणजे गोडसर मसाल्यात भाजलेले डुकराचे मांस भरलेला पांढरा, फुललेला, वाफवलेला पाव. चौथा डान टाट, म्हणजे अंड्याच्या कस्टर्डचा छोटा टार्ट. यांच्या जोडीला तांदळाच्या पिठाच्या ओल्या पातळ पापुद्र्याची गुंडाळी असलेला चुंग फन, कमळाच्या पानात बांधलेला चिकट भात आणि मुळ्याचा किसून केलेला, तव्यावर खरपूस परतलेला लो बाक गो हे पदार्थ दिसले, तर त्या जागेने विषय गांभीर्याने घेतला आहे असे समजावे.

शियाओलोंगबाओ, म्हणजे आत गरम रस्सा असलेली पुरचुंडी, ही कँटोनीज नसून शांघायच्या परिसरातली आहे. तरीही बहुतेक मोठ्या हॉटेलांत ती डिमसमच्याच यादीत असते आणि त्यात गैर काही नाही. मोमोची गोष्ट वेगळी आहे. तो तिबेट आणि नेपाळचा पदार्थ आहे, त्याचे आवरण मैद्याचे व जाडसर असते आणि त्याची सगळी भिस्त तिखट चटणीवर असते. मोमोच हवे असतील तर मुंबईच्या महागड्या हॉटेलात बसण्यापेक्षा उत्तर कन्नड जिल्ह्यातील मुंडगोडला जावे, असे मी म्हणेन. १९६० च्या दशकात वसलेली तिबेटी निर्वासितांची मोठी वसाहत तेथे आहे, गांदेन आणि द्रेपुंग हे प्रसिद्ध मठ आहेत, हुबळीहून तासा-दीड तासाचा रस्ता आहे, आणि तिबेटी घरच्या हातचे मोमो व थुक्पा, म्हणजे नूडल्सचे सूप, तेथे माफक पैशांत मिळतात. डिमसमची तहान मात्र त्याने भागणार नाही.

आपल्या गाडीवरचे चायनीज हा तर पूर्णपणे भारतीय पदार्थ आहे आणि त्याची स्वतःची गोडी आहे, हे मान्यच केले पाहिजे. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरण्यावर बंदी घातली. तो भडक लाल रंग गेल्यामुळे अनेकांचा हिरमोड झाला. डिमसमच्या टोपलीतही त्या रंगाला जागा नसते. वाढप्याने लालभडक रस्सा ओतलेली पुरचुंडी आणून ठेवली, तर ती आवडली तरी खावी, पण तिच्यावरून डिमसमविषयी मत बनवू नये.

शहर आणि गाडी एकत्र ठरवा

बेळगावहून बेंगळुरू सुमारे ५०० किलोमीटर आहे आणि डिमसमसाठी रात्रीची रेल्वे हा सर्वांत सोयीचा मार्ग आहे. राणी चन्नम्मा एक्सप्रेस किंवा बेळगाव–बेंगळुरू एक्सप्रेसने रात्री निघाले की सकाळी शहरात उतरता येते. अंघोळ, काम उरकून साडेबारापर्यंत जेवायला बसणे सहज शक्य होते आणि त्याच रात्री परतही फिरता येते. ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारतही सुरू झाली आहे, पण या कामासाठी ती अडचणीची आहे. बेळगावहून पहाटे निघून ती बेंगळुरूला दुपारी दोनच्या सुमारास पोहोचते, म्हणजे स्थानकातून बाहेर पडून हॉटेल गाठेपर्यंत दुपारची पंगत उठायला आलेली असते. परतीची वंदे भारत दुपारी सव्वादोन-अडीचच्या सुमारास सुटते, त्यामुळे तिचे तिकीट काढले तर जेवण बुडालेच म्हणायचे. वेळापत्रके बदलतात, म्हणून तिकीट काढतानाच एकदा पडताळून घ्यावे.

ज्या स्थानकाला आपल्याच जिल्ह्यातील संगोळ्ळीच्या रायण्णांचे नाव आहे, त्या केएसआर स्थानकालगतच मेट्रोची जांभळी मार्गिका आहे आणि गाडी न बदलता तिने एमजी रोड व त्यापुढच्या ट्रिनिटी स्थानकापर्यंत जाता येते. ट्रिनिटी चौकातील १ एमजी मॉलमध्ये याउआचा हे हॉटेल आहे. ही मूळची लंडनची संस्था असून तेथे ती २००४ मध्ये सोहो भागात सुरू झाली. डिमसम हाच तिचा मुख्य व्यवसाय असल्यामुळे यादी मोठी आहे, शाकाहारी पदार्थांना दुय्यम वागणूक नाही, आणि पहिल्यांदाच डिमसम खाणाऱ्याने बेंगळुरूत येथूनच सुरुवात करावी असे माझे मत आहे. पॅलेस रोडवरील शांग्री-ला हॉटेलातले शांग पॅलेस हे अधिक औपचारिक आणि अधिक खर्चिक ठिकाण आहे. घरातील वडीलधाऱ्यांचा वाढदिवस किंवा तसाच काही प्रसंग असेल तर तेथील शांतता उपयोगी पडते.

मुंबईसाठी हुबळी–दादर एक्सप्रेस किंवा रात्रीची बस हे नेहमीचे पर्याय आहेत. बेळगावच्या सांबरा विमानतळाहून विमान मिळाले तर उत्तमच. याउआचाची मुंबईतील शाखा वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे बीकेसीत आहे, आणि मेट्रो-३ मुळे दादरहून तेथे जाणे पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपे झाले आहे. व्हिसाच्या कामासाठी बीकेसीत जाणाऱ्यांना तर वेगळा प्रवासही करावा लागत नाही. ज्यांचे काम दक्षिण मुंबईत आहे, त्यांनी सीएसएमटीपासून चालत जाता येईल अशा अंतरावर, स्टर्लिंग चित्रपटगृहाच्या परिसरात असलेले रॉयल चायना पाहावे. येथील दुपारचे डिमसम हे मुंबईतील जुन्या खवय्यांचे आवडते राहिले आहेत आणि हार गाऊ व चुंग फन या दोन पदार्थांसाठी मी याउआचापेक्षा येथे जाणे पसंत करीन. कुलाब्यात रीगल चित्रपटगृहाच्या मागे लिंग कुटुंबाचे लिंग्ज पॅव्हिलियन आहे. ते केवळ डिमसमसाठी प्रसिद्ध नाही, मासे आणि खेकडे हे त्याचे खरे बलस्थान आहे. पण मुंबईत पिढ्यानपिढ्या राहिलेल्या चिनी कुटुंबाच्या हातचे जेवण म्हणून त्याचे मोल वेगळे आहे. टोपलीतले एक-दोन पदार्थ मागवून पुढे अख्ख्या माशाकडे वळावे, हा तेथला शहाणा मार्ग आहे.

भालकी-बिदरकडील वाचकांना हैदराबाद जवळ, आणि कारवार-जोयड्याकडच्यांना गोवा. त्या ठिकाणची नावे येथे देत नाही, पण पुढे दिलेल्या कसोट्या तेथेही जशाच्या तशा लागू पडतात.

कोलकाता: वेगळा मार्ग, वेगळे घड्याळ

भारतात चिनी वस्ती खऱ्या अर्थाने रुजली ती कोलकात्यात. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथे चिनी लोक येऊ लागले. पुढे त्यांच्यातील हक्का समाजाचे लोक चामड्याच्या धंद्यात आणि कँटोनीज लोक सुतारकामात स्थिरावले. १९६२ च्या युद्धानंतर अनेकांना स्थानबद्ध करण्यात आले, कित्येकांनी देश सोडला, आणि आज ती वस्ती पूर्वीच्या मानाने फारच लहान उरली आहे. तरीही मध्य कोलकात्यातील टिरेट्टा बाजारात, पोद्दार कोर्टाजवळच्या रस्त्यावर, सकाळी लवकर चिनी न्याहारी मांडली जाते. वाफवलेले बाओ, डुकराचे व कोंबडीचे सिउ माय, माशाच्या गोळ्यांचे सूप असे पदार्थ ॲल्युमिनियमच्या डब्यांतून थेट हातात मिळतात आणि त्यांची किंमत मुंबईच्या हॉटेलातील बिलाच्या जवळपासही जात नाही.

येथे घड्याळ फार कडक आहे. सहाच्या सुमारास पोहोचावे, रविवारी गर्दी आणि निवड दोन्ही अधिक असतात, आणि साडेआठनंतर गेल्यास रिकामी भांडी पाहून परतण्याची पाळी येते. विक्रेत्यांपैकी सर्वच आता चिनी राहिलेले नाहीत, त्यामुळे थोडे फिरून, गर्दी कुठे आहे ते पाहून, मगच खरेदी करावी. आपल्याकडून कोलकात्याला जायचे असेल तर खानापूर तालुक्यातील लोंढ्यावरून जाणारी अमरावती एक्सप्रेस आहे. केवळ डिमसमसाठी एवढा लांबचा प्रवास करा असे मी कोणाला सांगणार नाही; पण दक्षिणेश्वर, बेलूर किंवा गंगासागरच्या यात्रेला निघालेल्यांनी एक सकाळ टिरेट्टा बाजाराला द्यावी, हे मात्र आग्रहाने सांगतो.

जाण्यापूर्वी फोन करा आणि नेमके प्रश्न विचारा

समाजमाध्यमांवरील छायाचित्रे पाहून जागा निवडू नये, कारण वाफ आणि ताजेपणा छायाचित्रात दिसत नाही. त्यापेक्षा फोनवरचे तीन-चार प्रश्न अधिक उपयोगी पडतात. डिमसमची यादी दुपारीही मिळते का आणि स्वयंपाकघर किती वाजता बंद होते, हा पहिला प्रश्न. भारतातील मोठ्या हॉटेलांत दुपारची वेळ साधारणपणे बारा ते तीन अशी असते. साडेबाराला बसावे आणि अडीचपर्यंत शेवटची टोपली मागवून मोकळे व्हावे. पदार्थ त्याच दिवशी तेथेच वळले जातात का, हा दुसरा. याचे उत्तर जर ताबडतोब आणि अभिमानाने आले, तर ती चांगली खूण आहे. आणि "सर, सगळे फ्रेशच असते" एवढेच मोघम उत्तर आले, तर गोठवलेल्या तयार मालाची शंका घ्यायला हरकत नाही. डिमसमसाठी वेगळा आचारी आहे का, हा तिसरा प्रश्न विचारायला संकोच वाटतो खरा, पण मोठ्या जागांना त्याची सवय असते. या कामाचे कौशल्य नेहमीच्या कढईच्या कामापेक्षा निराळे असल्याने चांगल्या स्वयंपाकघरात ते स्वतंत्र माणसाकडे असते.

रविवारी आणि सुटीच्या दिवशी टेबल आधीच राखून ठेवावे. शक्य असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवसाची दुपार निवडावी; अनेक ठिकाणी त्या वेळी ठरावीक किमतीची दुपारची थाळीवजा योजना असते आणि रात्रीच्या तुलनेत तिचा खर्च पुष्कळ कमी येतो. फोनवर बोलताना भाषेची काळजी करू नये. बेंगळुरूत आपल्या भागातील माणसाला येत असलेली कन्नड उपयोगी पडतेच, पण अशा हॉटेलांतील वाढपी बहुधा ईशान्य भारतातले, दार्जिलिंगकडचे किंवा नेपाळचे असतात आणि त्यांच्याशी हिंदीच अधिक चालते.

शाकाहार, श्रावण आणि इतर पथ्ये

आपल्या भागातील बहुतेक कुटुंबांत कोणीतरी शाकाहारी असतेच, आणि श्रावणात तर बरेच जण. म्हणून हा भाग जरा सविस्तर लिहितो. डिमसमची मूळ परंपरा शाकाहारी नाही, आणि मांस दिसत नाही म्हणून पदार्थ शाकाहारी आहे असे समजणे धोक्याचे आहे. मुळ्याच्या लो बाक गोमध्ये परंपरेने सुकी कोळंबी आणि चिनी सॉसेजचे बारीक तुकडे घालतात. हार गाऊच्या पिठात आणि बाओच्या कणकेत डुकराची चरबी वापरण्याची जुनी रीत आहे. भाज्यांवर ओतलेला तपकिरी रस्सा बहुधा ऑयस्टर सॉसचा, म्हणजे कालवांपासून केलेल्या सॉसचा, असतो, आणि भाजीच्या सारणालाही कोंबडीच्या अर्काची चव दिलेली असू शकते. भारतातील मोठी हॉटेले शाकाहारी पदार्थांसाठी स्वतंत्र कृती वापरतात आणि यादीवर हिरवी खूण करतात, तरीही "ऑयस्टर सॉस, चिकन पावडर आणि प्राण्याची चरबी यांपैकी काही आहे का" हा प्रश्न याच शब्दांत विचारावा.

याहून सूक्ष्म मुद्दा वाफेचा आहे. बांबूच्या टोपल्या एकावर एक रचून एकाच पातेल्यावर ठेवतात, आणि खालच्या टोपलीतील वाफ वरच्या टोपलीतून जाते. खाली डुकराचे सिउ माय आणि वर भाजीचे डिमसम अशी रचना असेल, तर कडक शाकाहारी माणसाला ते चालणार नाही. शाकाहारी टोपल्यांची उतरंड वेगळी ठेवतात का, हे विचारून घ्यावे. चांगल्या जागी ठेवतात.

शाकाहारी मंडळींनी काय मागवावे याविषयी माझी निवड अशी: शिंगाडे आणि अळंब्यांचे सारण असलेले पारदर्शक आवरणाचे डिमसम, अळंब्यांचा चुंग फन, भाजी भरलेला बाओ, आणि शेवटी तिळात घोळवून तळलेले गोड सारणाचे गोळे. पनीर किंवा चीज भरलेले डिमसम यादीवर असतातच, पण ते टाळावेत, कारण पनीर वाफेवर रबरासारखे होते आणि आवरणाची सगळी नजाकत झाकून टाकते. जैन कुटुंबांसाठी निवड फारच मर्यादित राहते. कांदा-लसूण वगळता येतात, पण सारण आधीच तयार असल्यामुळे ते किमान एक दिवस आधी कळवावे लागते. मुसलमान वाचकांनी डुकराच्या मांसासंबंधी आणि स्वयंपाकाच्या मद्यासंबंधी स्पष्ट विचारावे, कारण सारणात तांदळाचे मद्य घालण्याची पद्धत आहे. कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांनी ते बसल्याबसल्याच सांगावे. सिउ मायसारख्या पदार्थात ती नावातून कळत नाही.

मागवण्याचा क्रम आणि पारख

तीन-चार जणांनी मिळून जाणे सर्वांत फायद्याचे, कारण टोपलीत तीन-चार नग असतात आणि प्रत्येकाला एकेक चाखता येतो. चौघांसाठी सहा ते आठ टोपल्या पुरतात. मात्र सर्व एकदम मागवू नयेत. वाढपी सगळ्या टोपल्या एकाच वेळी आणून ठेवतो, आणि तिसऱ्या टोपलीपर्यंत उरलेल्या थंड होतात. दोन-दोन, फार तर तीन टोपल्या मागवाव्यात आणि "एवढे संपल्यावर पुढचे सांगतो" असे स्पष्ट सांगावे. आधी वाफवलेले हलके पदार्थ, त्यानंतर तळलेले व तव्यावरचे, मग भूक उरली असेल तर भात किंवा नूडल्स, आणि शेवटी गोड, हा क्रम जिभेला मानवतो. आपल्याकडे सूप आणि तळलेल्या स्टार्टरने सुरुवात करण्याची सवय आहे. ती येथे सोडावी, कारण तिखट-तेलकट खाल्ल्यावर हार गाऊची सौम्य चव लागत नाही.

पहिली टोपली हार गाऊचीच मागवावी. शाकाहारी असाल तर त्याच आवरणाचे भाजीचे डिमसम मागवावे. स्वयंपाकघराची परीक्षा या एका पदार्थात होते, आणि ही परीक्षा घेण्यास मराठी माणूस इतर कोणापेक्षाही अधिक पात्र आहे, कारण उकडीच्या मोदकाची पारी पातळ असूनही फुटू नये आणि कळ्या शेवटपर्यंत दिसाव्यात, ही अपेक्षा त्याला घरीच शिकवलेली असते. हार गाऊचे आवरण गव्हाच्या स्टार्चचे, म्हणजे ग्लुटेन काढून घेतलेल्या पांढऱ्या पिठाचे, असून त्यात टॅपिओका स्टार्च मिसळतात आणि उकळते पाणी घालून ते मळतात. वाफेवर पाच-सहा मिनिटांत ते अर्धपारदर्शक होते आणि आतल्या कोळंबीचा गुलाबी रंग बाहेरून दिसू लागतो. बाजूला बारीक, एकसारख्या चुण्या असाव्यात. सातपेक्षा कमी चुण्या म्हणजे हात कच्चा, असा जुना दंडक आहे. चॉपस्टिकने उचलताना आवरण फाटू नये, खालच्या कागदाला चिकटून राहू नये, आणि दातांखाली ते किंचित लवचिक लागावे. आतली कोळंबी अख्खी किंवा मोठ्या तुकड्यांची आणि करकरीत हवी. तिची पेस्ट झालेली असेल तर माल हलका समजावा.

आता वेळेचा मुद्दा येथे पुन्हा येतो. स्टार्चचे हे आवरण थंड होताच घट्ट आणि अपारदर्शक होऊ लागते, आणि तसे झाले की त्याची मूळ पोत पुन्हा पूर्णपणे आणता येत नाही. म्हणूनच टोपली आल्यावर छायाचित्र काढण्यात वेळ घालवू नये. पहिली टोपली कोमट आली तर ती नम्रपणे परत पाठवावी. हा उद्धटपणा ठरत नाही आणि चांगल्या जागी ती लगेच बदलून मिळते. पहिलीच टोपली सपशेल फसली असेल, तर उरलेले डिमसम रद्द करून नूडल्स आणि भाजीकडे वळावे. त्या स्वयंपाकघराचे तेच बरे असण्याची शक्यता अधिक.

सिउ मायचे सारण चरबट नसावे, पण कोरडेही नसावे. पिवळसर आवरण वरच्या बाजूला सुकून कडक झाले असेल, तर तो बराच वेळ आधी वाफवून ठेवलेला आहे. चार सिउ बाओचा माथा फुटून तीन-चार पाकळ्यांसारखा उघडलेला असणे हे दोष नसून लक्षण आहे. चुंग फनचा पापुद्रा इतका मऊ हवा की चमच्याच्या कडेने तुटावा, आणि त्यावरचा सोया सॉस गोडसर व पातळ असावा. शियाओलोंगबाओ मात्र जपून खावा. त्यात मांसाच्या रश्श्याची गोठलेली जेली भरतात आणि वाफेवर तिचा उकळता रस्सा होतो; अख्खा तोंडात टाकला तर टाळू भाजतो. तो चमच्यात ठेवून बाजूला छोटासा चावा घ्यावा, रस्सा आधी प्यावा, आणि मग आल्याच्या कातरणाबरोबर व काळ्या व्हिनेगरमध्ये बुडवून उरलेला भाग खावा.

चहा, चॉपस्टिक आणि चटणी

चहाशिवाय डिमसम खाता येतात, पण अपुरे वाटतात. जॅस्मिनचा चहा पहिल्यांदा पिणाऱ्याला सोपा जातो, ऊलाँग त्याहून भारदस्त, आणि काळपट, मातकट वासाचा पू-अर तेलकट व मांसाहारी पदार्थांबरोबर उत्तम. यांत दूध-साखर घालत नाहीत. कँटोनीज रीतीप्रमाणे दुसऱ्याचा कप आधी भरायचा असतो, आणि कोणी आपला कप भरला की दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करून आभार मानतात. किटलीत पाणी हवे असेल तर झाकण तिरके ठेवतात. आपल्या शहरांतील वाढप्याला ही खूण कळेलच असे नाही, त्यामुळे सरळ हाक मारावी.

चॉपस्टिक जमत नसतील तर चमचा मागावा, त्यात कमीपणा नाही. काट्याने मात्र डिमसम टोचू नयेत, आतला रस वाहून जातो. मिरचीचे तेल टेबलावर असतेच. आपल्या जिभेला ते हवेहवेसे वाटते, पण पहिला नग काहीही न लावता खावा, दुसऱ्याला हवे तेवढे लावावे.

बिल

महागड्या जागी एका टोपलीला काही शे रुपये पडतात, चहाचे वेगळे, आणि मद्य घेतल्यास हिशेबच बदलतो. म्हणून बसण्यापूर्वी यादीवरच्या किमती पाहून टोपल्यांची संख्या ठरवावी. स्वतंत्र हॉटेलात ५ टक्के जीएसटी लागतो, परंतु ज्या निवासी हॉटेलात खोलीचे दिवसाचे भाडे ७,५०० रुपयांहून अधिक आकारले जाते, त्याच्या आवारातील भोजनालयात तो १८ टक्के असतो. पंचतारांकित ठिकाणी जाताना हा फरक आधीच धरून चालावे. सेवाशुल्क म्हणून बिलात परस्पर जोडलेली रक्कम देणे ग्राहकावर बंधनकारक नाही; केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. सेवा चांगली मिळाली असेल तर वाढप्याच्या हातात आपण होऊन बक्षीस द्यावे, ते थेट त्याला मिळते.

घरपोच मागवण्याच्या भानगडीत पडू नये. हॉटेलपासून खोलीपर्यंत येण्यात जो अर्धा-पाऊण तास जातो, तेवढ्यात हार गाऊचे आवरण चिवट होते आणि डब्याच्या झाकणावरचे पाणी चुंग फनवर गळते. रात्रीच्या गाडीसाठी काही बांधून घ्यायचेच असेल तर बाओ घ्यावेत. यीस्टने फुगवलेली कणीक प्रवास सोसते. शाकाहारी बाओ हवेशीर पुडीत ठेवून सकाळी बेळगावला पोहोचल्यावर इडलीपात्रात पाच-सात मिनिटे वाफवले की पुन्हा मऊ होतात. मांसाचे बाओ मात्र उन्हाळ्यात असे रात्रभर नेऊ नयेत, ते गाडीत बसल्यावरच संपवावेत.